परबचं कुलूप

शालन परब माणसांना मारायची. हे आधीच सांगून टाकते, कारण ती नोकरी सोडून गेल्यापासून आमच्या ऑफिसात तिच्याबद्दल असं बोलतात की जणू बाई संत होती. संतबिंत काही नव्हती. विक्री विभागातल्या एका माणसाला तिने स्टेपलर फेकून मारला, त्याच्या भुवईवर तीन टाके पडले. लिफ्टच्या रांगेत मधे घुसलेल्या एकाला कॉलर धरून जिन्यापर्यंत ओढत नेलं. आणि मला, नऊ वर्षं तिच्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या बाईला, तिने भरलेला जेवणाचा डबा फेकून मारला होता. स्टीलचा, तीन पुडांचा. खांद्यावर बसला आणि आमटी केसांत गेली.

तो डबा का मारला, ते सांगायचं तर आमचं काम सांगायला हवं. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण, छोट्या हॉस्पिटलांचे रिपोर्ट, शाळांचे दाखले, असलं सगळं ज्याचं त्याच्याकडे असतंच. त्याची दुसरी प्रत आम्ही ठेवायची. मूळ गेलं, जळलं, बुडलं, तर आमच्याकडून घेऊन जा. बॅकअप म्हणतात तो हाच. ती प्रत आमच्या ऑफिसात नसते, कुठल्या तरी लांबच्या, भाड्याने घेतलेल्या मोठाल्या मशीनवर असते. त्याला क्लाउड म्हणतात, म्हणून माझ्या सासूबाई मानखुर्दमध्ये सगळ्यांना सांगायच्या की आमची रंजना ढगात काम करते. या प्रतींवर ज्यांचा पूर्ण हक्क चालतो ते ॲडमिन. आम्ही तीन ॲडमिन होतो. परब, मी, आणि देसाईसाहेब. साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मालक म्हटल्यावर त्यांना कोण नाही म्हणणार?

तर डबा. जागा भरत आली की जुन्या प्रती काढून टाकाव्या लागतात. माझ्यासमोर दोन खिडक्या उघड्या होत्या. एक सरावाची, तिच्यातलं काहीही उडवा, कोणाचं काही जात नाही. दुसरी खरी. दोघी दिसायला जुळ्या बहिणी. मी सरावाच्या खिडकीतलं उडवत बसले होते, मधेच घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहातून फोन आला, त्यांचं काहीतरी बघायला मी खरी खिडकी पुढे आणली, फोन ठेवला, आणि त्याच खिडकीत राहिलेलं काम पुढे चालू केलं. सगळं निवडलं. बोट बटणावर नेलं. तेवढ्यात डबा.

"काय गं ए! वेड लागलं काय तुला?" मी किंचाळले.

"वाच."

"डोळ्यात आमटी गेलीय माझ्या!"

"मग एका डोळ्याने वाच."

वाचलं. प्रसूतिगृहाच्या बारा वर्षांच्या जन्मनोंदी. किंचाळत उभी राहिले होते ती खाली बसले.

"हाक मारली असतीस तर काय तोंड झिजलं असतं?" मी विचारलं.

"हाकेने बोट थांबत नाही, रंजे. हाक ऐकून माणूस आधी बटण दाबतो आणि मग 'काय गं' म्हणून वळतो. डब्याने थांबतं."

मग माझ्या केसांतली आमटी तिनेच धुतली, बेसिनपाशी, मान दाबून धरून. नळाखाली डोकं आपटलं ते वेगळं.

घर तिचं बोरीवलीला. मूळची मालवणकडची, बाप गिरणीत होता. चिडली की मालवणी यायची आणि चिडलेली ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असायची. मशीन अडलं की "आवशीक खाव तुझ्या" म्हणून त्याला लाथ. सगळ्या ऑफिसला हॅकरची भीती, व्हायरसची भीती. हिला भीती आमची. "चोर वर्षातून एकदा येतो," ती म्हणायची, "ॲडमिन रोज येतो." आणि दुसरं एक कायम तोंडात असायचं: "उडवायला अक्कल लागत नाही, नुसतं बोट लागतं."

म्हणून त्या डब्यानंतर तिने एक पद्धत घातली. काहीही उडवायचं असलं की उडवणाऱ्याने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून डोक्याच्या वर न्यायचे. मग पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं. दुसऱ्याने येऊन तेच नाव परत वाचायचं आणि ते कोणाचं आहे ते सांगायचं. मग हात खाली. बाहेरून आलेल्या लोकांना वाटायचं की पोलिसांनी धाड घातली. मी पहिल्यांदा केलं तेव्हा इतकी हसले की परबने माझ्या पाठीत धपाटा घातला. पण खरं सांगू? हात वर असताना माणूस खरंच वाचतो. त्यानंतर माझ्याकडून चूक झाली नाही.

ही भीती ती मुलुंडच्या जुन्या नोकरीतून घेऊन आली होती. ते तिने एकदाच सांगितलं, चहा पिताना, माझ्याकडे न बघता. तिथे ती एकटी ॲडमिन होती. एका कारखान्याचं चित्रण होतं, दोन ठिकाणी ठेवलेलं. तिला वाटलं एक जास्तीचं आहे. जास्तीचं म्हणून काढलं, ते नेमकं मूळ निघालं, दुसरीकडे नुसता त्याचा पत्ता होता, दोन्ही गेलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा आला. त्याच्या मुलाचा हात तिथल्या मशीनमध्ये गेला होता, खांद्यापासून, आणि मालक म्हणत होते की पोराने दारू प्यायली होती. म्हाताऱ्याला फक्त ते चित्रण हवं होतं. "चुकून गेलं, बाबा," परब म्हणाली. म्हातारा "ठीक आहे मॅडम" म्हणाला आणि चप्पल घालून गेला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? गेला." तिने कप इतका जोरात ठेवला की बशीचे दोन तुकडे झाले.

दोन वर्षांपूर्वी क्लाउडवाल्यांकडे कुलूप लावायची सोय आहे असं तिला कळलं. प्रतीला कुलूप लावायचं आणि मुदत ठरवायची. त्या मुदतीत ती प्रत कोणालाही उडवता येत नाही. ॲडमिनला नाही, मालकाला नाही, तिघांनी मिळून ठरवलं तरी नाही. मुदत वाढवता येते, कमी करता येत नाही. परबचे डोळे लकाकले. नव्या साडीच्या दुकानात बाई बघते ना, तशी ती त्या पानाकडे बघत होती.

देसाईसाहेब मात्र भडकले. "माझ्याच घराची चावी माझ्याकडे नाही? हा काय चावटपणा?"

"घर तुमचं असेल, साहेब. सामान लोकांचं आहे."

"मी सही करणार नाही."

परब उठली, त्यांच्या टेबलावरचा त्यांचा लॅपटॉप उचलला, खिडकी सरकवली आणि लॅपटॉप खिडकीबाहेर धरला. तिसरा मजला. खाली लोखंडी सळ्यांचा ट्रक उभा होता.

"यात मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत ना तुमच्या? दुसरी प्रत कुठाय?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक. दुसऱ्यांच्या प्रती ठेवायचा धंदा करणाऱ्या माणसाने स्वतःची ठेवली नव्हती.

"परब, आत घे. आत घे म्हणतो ना!"

"सही करताय की सोडू?"

त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. मी तेव्हा हसून हसून लोळायची बाकी होते. सगळ्या चित्रणांना नव्वद दिवसांचं कुलूप लागलं.

"म्हणजे आपण आपल्यालाच बांधून घातलं," मी म्हटलं.

"आपल्यालाच. बाकी कोणाला मी भीत नाही."

बाकीच्यांनाही भीत जा असं मी तिला सांगायला हवं होतं.

त्यानंतर महिनाभराने बोरीवलीच्या एका सोसायटीत वॉचमनला मारलं. जाधव म्हणून होते, पन्नाशीतले. सेक्रेटरीच्या पुतण्याने गाडी गेटात आडवी लावली होती आणि जाधवांनी ती काढायला सांगितली. एवढंच. पोरगा गेला, दोन मित्र आणि एक लोखंडी सळई घेऊन आला. भर दुपारी गेटाच्या आत जाधवांना पाडून मारलं. मग केबिनमध्ये जाऊन चित्रण साठवणारा कॅमेऱ्याचा डबा त्याच सळईने फोडला. जाधव चौथ्या दिवशी गेले. पाहिलेल्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. सेक्रेटरी पोलिसांना म्हणाला, वॉचमन जिन्यावरून पडला, कॅमेरा तर महिनाभर बंदच आहे.

पण दर दहा मिनिटांनी ते चित्रण आमच्याकडे चढत होतं. डबा फुटायच्या आधीच मारहाणीचं सगळं चढलं होतं.

जाधवांची बायको सुमनताई स्वतः आमच्याकडे आली. लोकांच्या घरी पोळ्या करायची. सोसायटीतल्या एका मोलकरणीने तिला सांगितलं होतं की चित्रण अंधेरीला जातं. तिने परबला एकच विचारलं, "आहे का हो?" परबने प्रत नीट आहे का ते बघायला चित्रण उघडलं, सुमनताईला बाहेर बसवून. चार मिनिटांचं होतं. मी पहिल्या मिनिटाला तोंड फिरवलं. परबने पूर्ण बघितलं, मग संडासात जाऊन आली, तोंड धुतलं, आणि बाहेर जाऊन म्हणाली, "आहे, ताई. पोलिसांचं पत्र आणा. नव्वद दिवस कोणाच्या बापाला हात लावता येणार नाही त्याला."

पत्र यायच्या आधी माणसं आली. तिघं. सकाळी अकराला, आम्ही चहा पीत होतो तेव्हा. पहिल्याच्या हातात सोसायटीचं पत्र. "आम्ही गिऱ्हाईक. डेटा आमचा. पुसून टाका." गोड बोलत होता. दुसऱ्याने मागे शटर अर्धं खाली ओढलं. देसाईसाहेबांनी केबिनची कडी आतून लावली, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"होत नाही," परब म्हणाली.

"म्हणजे करत नाही."

"करायला गेले तरी होत नाही. कुलूप आहे. हे बघ." तिने त्यांच्यासमोर बटण दाबलं. लाल अक्षरं आली, अमुक तारखेपर्यंत काढता येणार नाही. तो वाचत असतानाच हसला आणि तिच्या तोंडावर ठोसा मारला. परब खुर्चीसकट मागे गेली. उठली ती त्याच्या अंगावर गेली, चष्मा फुटलेला, आणि त्याचा कान दातांत धरला. मग तिघांनी तिला घेतलं. मी ते सगळं लिहिणार नाही. भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं त्यांनी काढलं, तिचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि ते नळकांडं वरून आणलं. "पासवर्ड खरा टाक." दुसऱ्यांदा आणलं. मग डावा हात. बोटं मोडतात तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. परब ओरडत होती ते दुखतंय म्हणून नाही, शिव्या देत होती, मालवणीतल्या, माझ्या नऊ वर्षांत न ऐकलेल्या.

मग ते माझ्याकडे वळले. "ताई, तू कर."

आणि मी केलं. हे मी कोणापासून लपवलं नाही, इथेही लपवणार नाही. माझ्या घरी दोन मुलं आहेत, आणि समोर ते टेबल होतं, त्यावर रक्त होतं. मी माझा पासवर्ड टाकला आणि बटण दाबलं. लाल अक्षरं. परत दाबलं. मी मनात त्या मशीनची विनवणी करत होते, उड ना गं बाई, एकदाची उड. सात वेळा दाबलं. त्या दिवशी ते चित्रण माझ्या हातून गेलं असतं, शंभर टक्के गेलं असतं. परबने ज्या माणसांना घाबरून कुलूप लावलं होतं, त्यांतली पहिली मीच होते.

चिडून त्यांनी ऑफिसातले सगळे पडदे फोडले, मशीन आपटली. आणि खाली पडलेली परब हसायला लागली. तोंडातून रक्त येतंय आणि हसतेय. "डब्यात नाय रे ता, मेल्यांनो! फोडा, फोडा! अजून फोडा!" तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातले कामगार शटर वर करून आत आले आणि ते तिघं पळाले.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "परब, मी दाबलं गं."

"किती वेळा?"

"सात."

"सात वेळा? मग टेस्टिंग झालं," ती म्हणाली.

मी रडायला लागले तर म्हणते, "रडू नको, नाक पूस माझं, मला हात नाहीत."

चार दिवसांनी पोलिसांचं पत्र आलं, प्रत त्यांच्याकडे गेली, ते तिघं, पुतण्या आणि त्याचे दोन मित्र आत गेले. परब दोन्ही हात प्लास्टरमध्ये घेऊन ऑफिसात हजर. नव्वद दिवसांवर तिचा आता विश्वास नव्हता. मूळ प्रत खटला संपेपर्यंत राहिली पाहिजे, मुदत वाढव, म्हणाली. बटण मलाच दाबायचं होतं.

"किती?"

"सात वर्षं टाक."

"दोन पुरेत ना यार. लागली तर वाढवू."

"वाढवायच्या वेळी तू आणि मी इथे असू कशावरून? सात."

मी सात टाकलं. माझ्या सात वेळांचं काहीतरी फिटतंय असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

दीड महिना गेला. ते चित्रण कुठून तरी फुटलं. कोणीतरी कुठल्या तरी पडद्यावरून मोबाईलवर उतरवून घेतलं होतं, कोणी ते कळलं नाही. आधी बोरीवलीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरलं, मग सगळीकडे. खाली लोक रडणारी तोंडं टाकायचे, हात जोडायचे, आणि पुढे पाठवायचे. सुमनताईची मुलगी नववीत होती. तिच्या शाळेच्या ग्रुपवर आलं. मुलीने मधल्या सुट्टीत बाप मार खाताना बघितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमनताई आमच्याकडे आली. चेहरा बघूनच मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. सरळ परबसमोर गेली.

"पुसा ते," म्हणाली.

परब उभी राहिली.

"मुलगी जेवत नाही. डोळे मिटले की दिसतं म्हणते. मुळातलं इथेच आहे ना? मुळातलं पुसा, मॅडम. मला नको केस. मला काही नको."

"ताई, लोकांच्या मोबाईलमध्ये गेलंय ते इथलं पुसून जाणार नाही."

"इथलं तर पुसा! कुठेच नको मला ते."

"होत नाही, ताई."

"तुम्ही मोठ्या ना इथे?"

"कोणालाच होत नाही. मलासुद्धा नाही. तसंच केलंय ते."

मी मागून परबच्या कानात म्हटलं, "सांग ना पुसलं म्हणून. तिला काय कळणार?" परबने माझ्याकडे असं बघितलं की हात धड असते तर मी दारापर्यंत उडाले असते.

"उद्या कोर्टात तिच्यासमोर लावतील तेव्हा काय सांगशील?" ती म्हणाली, मोठ्याने, सुमनताईला ऐकू जाईल असं.

तेव्हा सुमनताईने तिला मारलं. आधी पिशवी, मग मुठी. पोळ्या लाटणाऱ्या बाईचे हात ते, छातीवर, खांद्यावर, तोंडावर धपाधप पडत होते. परबचा ओठ परत फुटला. मी धावले.

"धरू नको तिला," परब म्हणाली. दोन्ही प्लास्टर तिने अंगामागे नेले. सुमनताईला लागू नयेत म्हणून नेले असतील, किंवा मधे येऊ नयेत म्हणून. मार खात उभी राहिली. ऑफिसातलं कोणी हललं नाही.

मुठी हळूहळू मंदावल्या. सुमनताई दम लागून टेबलाला धरून उभी राहिली.

"किती दिवस राहणार ते?" तिने विचारलं.

"सात वर्षं."

"कोणी ठरवलं?"

"मी."

"म्हणजे सात वर्षं ते त्याला मारतच राहणार?"

यावर काहीतरी बोलता आलं असतं. शिक्षा होईल, पुरावा आहे, धीर धरा. मी असते तर बोलले असते, घाईघाईने, खूप काही. परब रडत होती. नऊ वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

सुमनताईने पिशवी उचलली आणि जिना उतरायला लागली. परब तिच्या मागे गेली. मी खिडकीशी आले. खाली रस्त्यावर सुमनताई पुढे, परब दोन पावलं मागे. सुमनताई वळून बघत नव्हती. कोपऱ्यावर सुमनताई रिक्षासाठी थांबली. एक गेली, दुसरी गेली, कोणी थांबेना. परबला हात करता येत नव्हता. तिसरी आली तेव्हा ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. रिक्षा तिच्या गुडघ्यापाशी येऊन करकचून थांबली. रिक्षावाला बाहेर वाकून ओरडला, परब त्याच्यावर त्याहून मोठ्याने ओरडली, शब्द वरपर्यंत आले नाहीत.

सुमनताई आत बसली. परब बाहेरच उभी होती. मग आतून एक हात आला, त्याने परबचं कोपर धरलं आणि तिला आत ओढलं. रिक्षा बोरीवलीच्या दिशेने गेली. परब ऑफिसात परत आली नाही, माझे फोन ती घेत नाही. सुनावणीच्या दिवशी मात्र दोघी बरोबर येतात असं ऐकलं.